दगडांच्या सहलीला आबा

भात झोडून कणगीत पडलं, पेंढ्याची उडवी रचून झाली, की औंढ्यातल्या आमच्या घराला थोडी उसंत मिळायची. अंगणात, पांघरुणांत, आईच्या पदराला नव्या तांदळाचा वास असायचा. आई सकाळी चुलीवर आधण ठेवून पीठ उकडून घ्यायची आणि परातीत ते ऊन ऊन पीठ मळताना तोंडाने हुश्श हुश्श करत राहायची. तिच्या तळव्यांना चटके बसताहेत हे आम्हाला त्यावरून कळायचं, पण भाकरी मात्र पापुद्रा सुटलेली आणि मऊ. तिच्याबरोबर पावट्याची आमटी आणि लसणाची ओली पात. घाट चढून लोणावळ्याला आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सुटायचं तेव्हा त्याची शिट्टी आमच्या ओट्यापर्यंत यायची, आणि आईची सगळी वेळापत्रकं त्या शिट्टीवर ठरलेली असायची. आज त्याच ओट्यावर बसून मी हे लिहिते आहे. समोरच्या खाचरांपैकी तीन खाचरांवर बंगले उभे राहिले आहेत आणि द्रुतगती मार्गाची घरघर दिवसभर कानांत असते. शिट्टी काही ऐकू येत नाही. माझेच कान कमी झालेत की काय, हेही एकदा तपासून घ्यायला हवं.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. सुगी संपली की ते बांधांच्या कामाला लागत. पावसाने ढासळलेले खाचरांचे दगडी बांध ते एकट्याने पुन्हा रचायचे. दगड उचलण्याआधी त्याच्यावर लहान हातोडीचा एक टोला. खणखणीत आवाज आला तर दगड बांधात, बद्द आला तर बाजूला. "ह्याच्या पोटात चीर हाय," म्हणायचे. लहानपणी मी हट्टाने असले बाजूला काढलेले दगड त्यांच्याकडून फोडून घ्यायची. चीर बहुतेक वेळा निघायचीच. दोनदा निघाली नाही, आणि दोन्ही वेळा आबा दिवसभर घुश्श्यात होते. चौथीत शाळा सुटलेल्या या माणसाकडे दगडांची नावं चारच होती. काळा, मुरूम, गेरू आणि गारगोटी. त्यापलीकडे नाव लागावं असा दगड आमच्या शिवारात नव्हताच.

मी तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. भूगर्भशास्त्र हा विषय मी आवडीने निवडला असं सांगायला आज बरं वाटतं. खरं असं की रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, आणि खिडकीतल्या कारकुनाने अर्जावर बोट ठेवून "हितं सही कर, हितं जागा आहे" एवढंच सांगितलं होतं. वर्गात चौदा मुलगे आणि मी. शिकवायला लिमयेसर. बुटके, कोटाच्या दोन्ही खिशांवर खडूचे पंजे उठलेले, आणि बोलता बोलता टेबलावरचा दगड मांजरासारखा कुरवाळत राहायची सवय.

त्या वर्षी त्यांनी रूपांतरित खडक शिकवायला घेतले. "समजा, समुद्राच्या तळाशी चिखल साचला," सर म्हणाले. "त्याच्यावर आणखी थर, त्यावर आणखी. खालच्या चिखलाचा दाबून दगड होतो आणि तो हळूहळू खोल जातो. खाली उष्णता आहे, वरून भार आहे, कधी बाजूनेही रेटा येतो. आता नीट लिहून घ्या. हा दगड वितळत नाही. वितळला तर त्याचा रस होईल, ती गोष्ट वेगळी. हा घट्ट असतो आणि घट्ट असतानाच आतल्या आत बदलतो. जुने कण मोडतात, त्यांच्याच द्रव्यातून नवे कण वाढतात, आणि दाब ज्या बाजूने येतो तिला आडवे होऊन ते निजतात. म्हणून पाटीचा दगड पापुद्र्यांनी सुटतो." मी पहिलीत ज्या दगडी पाटीवर अक्षरं गिरवली, थुंकीने पुसली आणि आईचा मार खाल्ला, ती पाटी म्हणजे एके काळचा चिखल. मला तास संपेपर्यंत पुढचं काही ऐकू आलं नाही.

पंचाईत एवढीच की असा दगड आमच्याकडे मिळत नाही. घाटमाथ्यापासून पार खाली, डोंगर म्हणावा तेवढा सगळा थिजलेला लाव्हा. सर मला म्हणाले, "तुमच्याकडे भाजलेलं असं एकच. खंडाळ्याच्या कड्यांमध्ये तो तांबडा पट्टा दिसतो ना? ती जुनी माती. वरून लाव्हा वाहत आला आणि ती त्याच्याखाली भाजून निघाली." मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. ती तेव्हा वृंदावनाला गेरूच लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजी भाजकी माती म्हन की. त्यात कालेजात जाऊन काय शिकायचं? कुंभाराला इचारलं आसतंस तर त्यानंबी सांगितलं आसतं."

मार्गशीर्षात सहलीचा कागद आला. आठ दिवस, दक्षिण कोकणात, कणकवली-कुडाळच्या बाजूला. तिथल्या नद्यांमध्ये हे सगळे दगड उघडे पडलेले आहेत, आणि ते पाहून, फोडून, वही भरून आणल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही असं कागदावर लिहिलं होतं. खाली पालकांच्या सहीची जागा. मी तो आबांपुढे ठेवला तेव्हा माझे मळवलीचे मामा घरात होते. किसनमामा मळवलीला एका मोठ्या बंगल्याची देखभाल करायचे आणि दर रविवारी तिथले पेरू घेऊन आईकडे यायचे. गोड माणूस, पण जगाची काळजी आपल्याच डोक्यावर आहे असं वाटणारा. त्यांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि पेरू खाली ठेवला.

"चौदा पोरं आन ही एकली? आठ दिस?" ते म्हणाले. "आक्का, मी तळेगावच्या मान्सांना काय सांगू? पोराला फॅक्टरीत कायमची नोकरी हाय. ते हिला बघाया याचं म्हनत्यात, आन ही दगडं फोडत हिंडनार."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. दुसऱ्या दिवशीही सही झाली नाही. कागद देव्हाऱ्याशेजारी ताम्हनाखाली तसाच होता. मी रोज कॉलेजातून आले की आधी ताम्हन उचलून बघायची. तिसऱ्या दिवशी आबा बांधावरून आले, हातपाय धुतले, आणि माझ्या पेनाने, जीभ दातांत धरून, एक एक अक्षर लावत सही केली. मग म्हणाले, "म्या बी येतो."

"कुठं?" मी म्हणाले.

"तुज्या सहलीला. तुला एकलीला धाडायचं न्हाई, आन तुजं शिकनं बी मोडायचं न्हाई. मग दुसरं काय करू? सायबाला सांग, मला बसाया जागा नसली तर दगडांची पोती धरून हुबा ऱ्हाईन."

लिमयेसरांना सांगताना माझे कान तापले होते. ते क्षणभर चष्म्यावरून पाहत राहिले आणि म्हणाले, "उत्तम. आपल्याकडे घण मारता येणारं कुणी नाहीच."

एस. टी.ची ठरवलेली गाडी पहाटे पुण्याहून निघाली तेव्हा आबा सर्वांत मागच्या बाकावर बसले होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर घोंगडी, आणि पायाशी पिशवी. पिशवीत हातोडी, आणि आईने दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या नि लसणाची चटणी. चटणीचा वास कोल्हापूरपर्यंत गाडीभर होता. मुलं खिडक्या उघडत होती आणि मी बाहेर पाहत होते. कराडच्या पुढे कधीतरी दिलीप नावाचा एक मुलगा, वर्गातला सगळ्यात वात्रट, मागे जाऊन आबांजवळ बसला आणि भाकरी मागून घेऊन खाऊ लागला. मग आणखी दोघे गेले. घाट उतरेपर्यंत भाकऱ्या संपल्या होत्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं, मी एकटीच अशी होते जिने त्या भाकऱ्या खाल्ल्या नाहीत.

आमचा मुक्काम एका शाळेत होता. मुलं वर्गांत, मी शिपायाच्या बायकोजवळ तिच्या घरात, आणि आबा त्या घराच्या पडवीत, दाराला आडवे. पहिल्याच सकाळी सरांनी आम्हाला नदीच्या पात्रात नेलं. पाणी आटून बाजूला गेलं होतं आणि मधोमध हत्ती बसल्यासारखे खडक. त्यांच्या अंगावर पांढरे-काळे पट्टे. कुठे सरळ, कुठे लुगड्याची निरी मोडावी तसे वळलेले. "हा नाइस," सर म्हणाले. "व्हेरी नाइस," दिलीप म्हणाला आणि सगळे हसले. इंग्रजीत नाइस म्हणजे छान, हे आबांना कोण सांगणार? ते खडकाभोवती फेरी मारून आले, हातोडीने एक टोला दिला, मान तिरकी करून ऐकलं, दुसरा दिला. मग सरांना म्हणाले, "ह्याला धागा हाय. लाकडाला आसतो तसा. आमचा काळा दगूड कुटूनबी फुटतो. ह्यो एका अंगानंच सुटंल."

"दाखवा," सर म्हणाले. आबांनी पट्ट्यांच्या बाजूने दोन टोले दिले आणि एक चपटा तुकडा पोळीसारखा सुटून आला. सरांनी तो वहीवर ठेवून आम्हाला आकृती काढायला लावली. माझा ऊर भरून यायला हवा होता. पण मुलं आबांकडे ज्या कौतुकाने बघत होती ते मला चेष्टेसारखंच दिसत होतं. एकोणीस-वीसच्या वयात फरक कळत नाही.

आणि मग ते टापराचं झालं. दुपारच्या उन्हात मी पात्राच्या पलीकडे काही मोजत उभी होते. आबा अलीकडून सगळ्या नदीला ऐकू जाईल असे ओरडले, "नंदेऽऽ, उनात नगं हुबी ऱ्हाऊ! टापर बांद डोस्क्याला!" झालं. दिवसभर चौदा तोंडांतून तेच. पाणी प्यायला गेले तर "नंदे, टापर बांद", नोंद लिहायला बसले तर "टापर बांद". कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण संध्याकाळी शाळेच्या हापशावर आबा हात धूत होते तेव्हा मी जवळ जाऊन, कुणी ऐकत नाही असं पाहून, म्हणाले, "उद्या तुमी येऊ नका. हितंच थांबा. पोरं हसत्यात."

आबांनी हापशाचा दांडा सोडला. ओले हात धोतराला पुसले. "बरं," म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी आम्ही एका टेकडीच्या कुशीत गेलो. तिथला खडक अभ्रकाने चमचमत होता, हाताला चंदेरी भुकटी लागत होती. शिस्ट म्हणतात त्याला. आणि त्या चमकीत रुतून बसलेले डाळिंबाच्या दाण्याएवढे लालसर मणी. "गार्नेट," सर म्हणाले. "हे बाहेरून आलेले नाहीत. याच चिखलातून, या खडकाच्या पोटात वाढलेत. पुरेशी उष्णता आणि पुरेसा दाब मिळाल्याशिवाय ते धरत नाहीत. म्हणून हा मणी दिसला की खडक किती खोल जाऊन आला ते आपल्याला सांगता येतं. मला प्रत्येकाकडून एक नमुना हवा. मणी शाबूत."

मुलांनी घण चालवले. खडकाचा भुगा झाला, मणी टिचले, दिलीपने अंगठा ठेचून घेतला. मी हातोडी घेऊन बराच वेळ नुसती उभी होते. मग आबा करायचे तसं केलं. आधी सगळीकडून हलके टोले देऊन आवाज ऐकला. एका जागी आवाज पोकळ झाला. तिथे पापुद्र्यात छिन्नी घालून, घाई न करता, चार-पाच टोले. मूठभर तुकडा सुटला. त्यात तीन मणी, तिन्ही शाबूत. सरांनी तो उन्हात फिरवून पाहिला.

"हे कुणी शिकवलं?"

"आबांनी."

"मग ते आज कुठे आहेत?"

मी म्हणाले, "त्यांचा पाय दुखतोय."

खोटं बोलायला मला तोवर कधी फारसं लागलं नव्हतं. ते इतक्या सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. परतीच्या वाटेवर मात्र तो नमुना पिशवीत जड होत गेला. शाळेत पोचायच्या आत आबांना गाठून पायाचं सांगून ठेवावं, असं ठरवून मी पुढे पुढे चालत होते. पण सर माझ्याबरोबरच आत शिरले.

आबा शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसले होते. त्यांच्यापुढे घोंगडी पसरलेली, आणि घोंगडीवर ओळीने मांडलेले दगड. वीस-बावीस असतील. शाळेमागच्या ओढ्यात दिवसभर हिंडून त्यांनी ते गोळा केले होते, आणि प्रत्येक दगड मुठीत मावेल असा, कडा घडवून, एक बाजू ताजी फोडून ठेवला होता. माझ्या परीक्षेसाठी. कॉलेजातल्या ट्रेमध्ये दगड कसे असतात ते मी एकदा घरी बोलता बोलता सांगितलं असेन, तेवढ्यावरून.

सर वाकले आणि म्हणाले, "आबा, पाय कसा आहे?"

आबांनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी सरांच्या मागे उभी होते आणि माझ्या तोंडावर काय होतं ते देव जाणे. आबांनी उजवा गुडघा हाताने हळूच चोळला.

"बरा हाय आता," ते म्हणाले. "सकाळच्याला जरा ठनकत व्हता."

 आयुष्यात मला पुष्कळांनी सांभाळून घेतलं. पण मी ज्याला लपवून ठेवलं त्यानेच मला असं झाकून घ्यावं, हे एकदाच झालं.

सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते घोंगडीजवळ उकिडवे बसले होते आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत होते. "हे असे का लावलेत?" त्यांनी विचारलं.

"नावं मला कुटं म्हाईत?" आबा म्हणाले. "हाताला लागलं तसं लावलं. ह्या अंगाचं पाटीवानी पातळ सुटत्यात, आवाज बी बारीक. मग ह्ये जरा चमकनारं. मग ह्ये लय चमकनारं. आन त्या टोकाचं पट्ट्या-पट्ट्यांचं, ते सुटाया जड. मला वाटतं, सायेब, ह्येंच्यावर वज्जं कमी पडलंय आन त्येंच्यावर जादा."

सरांनी ओळ पुन्हा एकदा टोकापासून पाहिली. मग त्यांनी दोन दगडांच्या जागा बदलल्या. दोनच. बाकी ओळ तशीच ठेवली आणि मुलांना हाक मारली. "पुस्तकात जो तक्ता आहे," ते म्हणाले, "तो इथे मांडलाय. वह्या काढा." चौदा मुलगे घोंगडीभोवती बसले. दिलीप ठेचलेला अंगठा तोंडात धरून आबांना खेटून बसला आणि एक एक दगड उचलून विचारू लागला. मी शिपायाच्या घरात गेले आणि भांडी घासणाऱ्या त्याच्या बायकोजवळ बसून मनसोक्त रडले.  तिने हातातला तांब्या धुऊन, पाणी भरून, माझ्यापुढे ठेवला.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी पडवीत गेले. आबा टोपी झटकत होते. "चला," मी म्हणाले. "आज आपल्याला लांब जायचंय." त्यांनी पिशवी उचलली. पायाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढेही कधी नाही.

उरलेले दिवस ते सरांच्या जोडीनेच चालत होते. एका दुपारी आम्ही सगळे खडकाच्या सावलीत जेवत असताना त्यांनी सरांना विचारलं, "मग सायेब, पयलं जो चिखल व्हता, त्यो गेला कुटं?"

"कुठेच नाही गेला," सर म्हणाले. "तोच हा."

आबांनी टेकलेल्या खडकावर हात ठेवला आणि जेवण होईपर्यंत तो तसाच ठेवला. एका हाताने जेवले.

घरी आल्यावर महिनाभर आबांना दुसरा विषय नव्हता. भाकरी थापणाऱ्या आईसमोर बसून ते तिला चिखलाची गोष्ट सांगायचे. "इतकं वज्जं, इतकी आग, पर इतळत न्हाई, बरं का." आई म्हणायची, "मला काय सांगता, मी रोज बगते." तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. मग माघात किसनमामा तळेगावच्या पाहुण्यांना घेऊन आले. माणसं भली होती. मुलगा शांत, खाली मान घालून बसलेला. त्याच्या आजोबांचे आता फार दिवस राहिले नव्हते आणि त्यांना नातवाचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून लग्न फाल्गुनातच हवं होतं. माझी परीक्षा चैत्रात.

"परीक्षेचं एवढं काय?" मुलाचे काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "आमच्याकडे तिला नोकरी करायची नाहीच."

मी दाराआड पोह्यांचं ताट धरून उभी होते. ताटातल्या बशा वाजू नयेत म्हणून मी त्या पोटाशी दाबून धरल्या होत्या. आबांचा आवाज आला, "मान्सं तुमी चांगली हाईसा. पोरगा बी चांगला. आजोबांचं मला कळतं. पर पोरगी मदीच उटवायची न्हाई मला. चैतानंतर या, आमी आनंदानं पाय धुतो."

"दाजी!" मामा म्हणाले. "आसं स्थळ पुन्यांदा दारात येत नसतं."

"नसंल येत," आबा म्हणाले.

पाहुणे पोहे खाऊन, नमस्कार करून गेले. मामा मात्र चहा तसाच ठेवून उठले. पायरी उतरताना आईला म्हणाले, "आक्का, मी आता ह्या घरात बोलायचा न्हाई." आणि ते तसे वागले. दोन दिवाळ्या ते भाऊबीजेला आले नाहीत. औंढ्याहून मळवली काय लांब आहे? दुपारी निघालं तर दिवेलागणीला परत येता येतं. पण आईने दोन्ही वर्षं भाऊ नसलेल्या बाईसारखं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं, आणि आत येऊन ताट धुऊन पालथं घातलं. आबांना ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्या शिक्षणाची गोष्ट सांगताना लोक आबांचं नाव घेतात, मीही घेते. पण त्याची किंमत आईने मोजली, हे इथे लिहून ठेवायला हवं. तिसऱ्या दिवाळीला मामा आले, पेरूंची पिशवी घेऊन, जणू गेल्या रविवारीच येऊन गेले होते. आईने ओवाळायच्या आधीच त्यांचा हात धरला तो सोडेना, म्हणून निरांजन मी धरलं.

परीक्षा झाली. मी बऱ्या गुणांनी पास झाले आणि पुढे एम. एस्सी.ला गेले. तळेगावच्या त्या मुलाचं लग्न फाल्गुनातच दुसरीकडे झालं आणि आजोबांनी ते पाहिलं, असं कानावर आलं. मला त्याचं मनापासून बरं वाटलं.

त्यापुढच्या हिवाळ्यात एका रविवारी दोन अनोळखी माणसं आमचं घर विचारत आली. एक खंडाळ्याचे, रेल्वेत रुळांच्या कामावर असलेले. दुसरे तळेगावच्या एका कचेरीतले कारकून. दोघांच्या मुली लिमयेसरांच्या वर्गात शिकत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर कारकुनांनी घसा साफ केला.

"सरांनी तुमचं नाव सांगितलं, आबा," ते म्हणाले. "सहल आहे पुढच्या आठवड्यात. तुम्ही बरोबर जाणार असाल तर आम्ही पोरींना पाठवतो. नाहीतर जीव होत नाही."

आबा गोंधळले. माझ्याकडे पाहत म्हणाले, "पर माजी पोरगी न्हाई आवंदा त्या वर्गात."

"ते माहीत आहे," रेल्वेवाले म्हणाले. "म्हणून तर विचारायला आलो."

आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. बांधांचं काम अर्धंच झालं होतं. "कवा निगायचं?" त्यांनी विचारलं.

निघायच्या दिवशी त्या दोघी मुली त्यांना न्यायला घरापर्यंत आल्या. नवे बूट, नव्या वह्या, पाठीला पिशव्या. आईने भाकऱ्या बांधून दिल्या, या वेळी दुप्पट. "येताना दगडं नगं," ती म्हणाली. "आमसुलं आना चांगली." मी त्यांची घोंगडी घडी करून देत होते. मला राहवेना. हळूच विचारलं, "आबा, मी नाही तर तुमी कशाला जाताय?"

"त्यांच्या बापास्नी येळ न्हाई," आबा म्हणाले. "मला हाय."

घोंगडी खांद्यावर टाकून ते उतरणीला लागले. मुली पुढे धावत सुटल्या होत्या, एकीची वेणी सुटून पाठीवर उडत होती. आबांनी वळून आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष पुढेच होतं.

"सावकास, पोरींनो," ते मागून ओरडले. "दगूड काय पळून जात न्हाई!"